न बघणारा डोळा

आमच्याकडं गणपतीची माती मळायची मी आणि डोळे काढायचे गंगाराम भाऊजींनी, ही वाटणी मी लग्न होऊन आले तेव्हापासूनची. मधलं सगळं, म्हणजे सोंड, पोट, हात, रंग, हे ज्याला सवड होईल त्यानं करावं. पण मातीला दुसऱ्या कुणी हात लावला तर मी ओरडायची, आणि डोळ्यांना लावला तर सासूबाई. आमचं घर रत्नागिरीत पेठकिल्ल्याच्या उतरणीला, खाली मासळीचं बंदर, मिरकरवाडा. आम्ही सुतार. माझे मालक मुंबईला, गिरगावात टेबलं-खुर्च्यांच्या कारखान्यात कामाला. ते शिमग्याला बोटीनं यायचे, गणपतीला नाही, कारण पावसात बोट बंद. म्हणजे गणपतीचं काम मी, सासूबाई आणि हे धाकटे दीर, अशा तिघांच्या गळ्यात. पावसाळाभर पाठ मोडायची, आणि लोक म्हणायचे, तुमचं काय बाई, देव घरातच बसलेला असतो. बसलेला असायचा खरा, पण त्याला बसवायला उभं राहायचो आम्ही.

गंगाराम भाऊजी वयानं माझ्याहून मोठे, पण नात्यानं मी वडील. म्हणून ते मला वैनी म्हणत, अगंतुगं करत, आणि मी त्यांना अहोजाहो करायची. त्यांची बायको पहिल्या बाळंतपणात गेली, मूलही गेलं. पुन्हा बोहल्यावर चढा म्हणून सासूबाईंनी नाना परींनी सांगून पाहिलं. ते नुसते हसायचे आणि रंधा घेऊन बसायचे. एरवी माणूस घुम्या, पण गणपतीच्या दिवसांत त्यांचं तोंड सुटायचं, आणि ते का सुटायचं ते सांगते.

कोकणात प्रत्येक घराचा आपला पाट असतो. नागपंचमीच्या सुमाराला लोक तो पाट आमच्याकडं आणून देतात, वर एक सुपारी ठेवून. त्याच पाटावर त्या घरचा गणपती घडतो. हरतालिकेच्या दिवशी न्यायला येतात तेव्हा रंग सगळा झालेला असतो, डोळे मात्र कोरे. माझ्या सासऱ्यांनी घालून दिलेली रीत अशी, की त्या घरातलं जे माणूस न्यायला येईल त्यानं पाटासमोर बसायचं, आणि मगच डोळे काढायचे. भाऊजी त्या माणसाशी गप्पा मारायला लागायचे. म्हैस व्याली का, जावई नीट नांदवतो का, दाढ अजून दुखते का. बोलता बोलता त्याच्या तोंडाकडं बघत राहायचे, आणि मध्येच मान वळवून खारीच्या केसांच्या कुंचल्यानं देवाच्या डोळ्यातली बाहुली टेकवून मोकळे व्हायचे. बाहुली कुठं ठेवायची ते समोरच्याचं तोंड सांगतं, असं म्हणायचे. तो देव मग त्या माणसाकडंच बघायचा. रडक्या घरात गेला की समजूत काढल्यासारखा, भांडकुदळ घरात गेला की डोळे वटारून. मी मळलेली तीच माती, पण प्रत्येक घरात गणपती वेगळा.

मिरकरवाड्याच्या हौसा खारवणीचा पाट सासऱ्यांच्या वेळेपासूनचा. हौसा मासे विकायची, आवाज असा की खाडीपलीकडं भाट्याला ऐकू जावा. पाटासमोर मांडी ठोकून बसायची आणि भाऊजींना दम भरायची, की आटप रे बाबा, देवाला डोळे दे, मना त्याच्यासारके चार हात नायत. तिचा गणपती दरवर्षी हसू दाबून बसल्यासारखा दिसायचा. भाऊजी म्हणायचे, हौसाचे डोळे काढायला मेहनत नाही, ती समोर बसली की कुंचला आपला आपण चालतो.

असं चाललं होतं. त्यात एका वर्षी खांबेटे मास्तर आले. सन चोवीस की पंचवीस असावं. आधी मुंबईच्या कुठल्याशा कॉलेजात शिकवायचे आणि आपल्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या यच्चयावत माशांवर इंग्रजीतून पुस्तक लिहायचं त्यांच्या मनात होतं. झाडगावात घर घेऊन राहिले. जातीचे ब्राह्मण, जन्मात मासा चाखलेला नाही, पण पहाटे मिरकरवाड्यावर हजर, धोतराचा सोगा तोंडाला लावून. कोळणी हसून मरायच्या. मासा खायचा नाही आणि मासा सोडायचाही नाही, असला माणूस त्यांनी कधी बघितला नव्हता. पण माणूस सोन्यासारखा होता, ते मी आधीच सांगून ठेवते. पुढं जे झालं त्यात मास्तरांचा दोष कुणी काढू नये.

त्यांना चितारी हवा होता. कुणीतरी आमचं घर दाखवलं. त्यांनी भाऊजींना विलायतेतलं एक जाडजूड पुस्तक उघडून दाखवलं, त्यात माशांची रंगीत चित्रं. मी दारातून बघत होते. एकेक खवला वेगळा, परांच्या काड्यांत उजेड अडकलेला. भाऊजींनी त्या पानाला बोट लावलं आणि बोटाला पाणी लागलं का ते बघितलं. एवढं खरं माणसाच्या हातून निघतं, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. पैशाचं काही विचारलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी झाडगावला गेले ते वर्षानुवर्षं जातच राहिले. पाऊस उघडला की मासे, पाऊस लागला की गणपती. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं मी सासूबाईंना म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, जाऊदे गो, त्याचा जीव रमतो तिकडं.

पहिलं चित्र बांगड्याचं. ते भाऊजींनी घरी आणून दाखवलं होतं आणि मला तर फार आवडलं. पाठीवरचे निळे पट्टे, पोटाची चांदी, आणि तो मेला बांगडा असा बघत होता, की आताच कुणीतरी त्याला हाक मारली असावी. मास्तरही आधी वाहवा म्हणाले. मग चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि जे म्हणाले ते भाऊजींनी मला जसंच्या तसं सांगितलं.

"गंगाराम, हा बांगडा कुणाकडं तरी बघतोय. मला बघणारा मासा नको. मला कुठलाही बांगडा हवा, सगळे बांगडे हवेत."

मग त्यांनी नीट समजावलं. मद्रासचा कुणी, नाहीतर विलायतेचा कुणी, हातात मासा धरून या चित्राशी ताडून पाहील. त्याला हा एकटा बांगडा काय कामाचा? हा मिरकरवाड्यात अमुक दिवशी मेला, हे त्याला कळून काय करायचं आहे? त्याला जात ओळखता आली पाहिजे. म्हणून दिसतं तेवढंच काढा, वाटतं ते काढू नका. डोळा म्हणजे एक वर्तुळ, आत दुसरं वर्तुळ, मापात. बस्स. आणि हे त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. भाऊजींनाही ते पटलं. पटलं नसतं तर बरं झालं असतं, पण पटलं.

न बघणारा डोळा काढायचा कसा, हे शिकायला त्यांना फार दिवस लागले. बाकी मासा पहिल्या झटक्यात यायचा, डोळ्यावर घोडं अडायचं. काढला की तो बघायचाच. खोडून परत, खोडून परत. कागद फाटायचा. रागानं जेवायचे नाहीत. शेवटी त्यांनीच युक्ती काढली, की मासा काढताना मनात कुणाचंही तोंड येऊ द्यायचं नाही. कंपास घ्यायचा, माप घ्यायचं आणि श्वास रोखून वर्तुळ काढायचं. ते एकदा जमलं तेव्हा उड्या मारायचे बाकी राहिले होते. मास्तरांनी म्हणे खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, आता तुम्ही माझे सोबती झालात.

त्यानंतर वर्षं कशी गेली ते गेली. सरंगा झाला, तांबोशी झाली, शेंगाळा, वाम, मुडदुसा, सगळ्यांचे डोळे भाऊजींनी काढले. मास्तर बरण्यांत ज्या औषधात मासे टिकवून ठेवायचे त्याच्या वाफेनं त्यांचे स्वतःचे डोळे तांबारले, कायम पाणी गळायचं. मासे खायचे सोडून दिले. म्हणायचे, दिवसभर ज्याचे खवले मोजले त्याला कालवणात कसा बघू? मी म्हटलं, बघू नका, खा. पण नाही. संध्याकाळी येऊन पडवीत भिंतीला टेकून बसायचे ते उठवल्याशिवाय उठायचे नाहीत. मी मातीनं दमलेली, सासूबाई वयानं दमलेल्या, हे माशांनी दमलेले. घरात कुणी कुणाला विचारायला जायचं नाही, की बाबा का दमलास.

आणि गणपती? गणपती चालूच होते. एकदम काही झालं नाही हो. आधी त्यांच्या गप्पा कमी झाल्या. मग पाटासमोरच्या माणसाकडं ते बघायचे, पण त्याच्या नाकाची लांबी घेतल्यासारखे. मग एका वर्षी त्यांनी देवाच्या कपाळाला पट्टी लावली आणि पेन्सिलीच्या खुणा केल्या. मी म्हटलं, हे काय नवीन? तर म्हणाले, वैनी, इतकी वर्षं डोळे थोडे वरखाली यायचे, माझं लक्षच नव्हतं, यंदा दोन्ही सारखे येतील. सारखे आले. असे सारखे, की आरशातून काढावेत.

त्याच दिवशी हौसा आली. मांडी ठोकून बसली, आटप म्हणाली. भाऊजी बोलले नाहीत. श्वास रोखून एक डोळा काढला, श्वास सोडला, परत रोखून दुसरा काढला आणि बाजूला झाले. हौसा बघत राहिली. ती बाई गप्प बसलेली मी त्याआधी कधी बघितली नव्हती. सासूबाईंनी कोपऱ्यातून विचारलं, काय झाला गो? तेव्हा ती हळू आवाजात बोलली.

"गंगाराम, ही नजर माज्या टोपलीतली हाय. ही मी रोज इकते."

भाऊजी खाली वाकून देवासमोर, अगदी समोर जाऊन बसले, आणि मी त्यांचं तोंड बघितलं. त्यांनाही दिसलं. मलाही दिसलं, आणि मला वाटतं, मला आधीच दिसत होतं. तो गणपती रंगानं, घडणीनं त्या वर्षीचा सगळ्यात देखणा होता, आणि तो कुणाकडंही बघत नव्हता. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती असं लोक हसून म्हणतात. इथं मारुतीसुद्धा झाला नव्हता. पण चतुर्थी दुसऱ्या दिवशी, आणि पाट रिकामा परत नेत नाहीत. हौसानं आपल्या लुगड्याचा पदर देवाच्या तोंडावरून घेतला आणि त्याला घेऊन पाऊस चुकवत उतरून गेली. पुढल्या नागपंचमीला तिचा पाट आमच्याकडं आला नाही.

त्या दिवशी संध्याकाळी आमच्या घरच्या गणपतीचे डोळे काढायचे राहिले होते. आमच्या पाटासमोर दरवर्षी सासूबाई बसायच्या. भाऊजींनी त्याचे डोळे काढले, तेही तसेच. दुसऱ्या दिवशी आरतीला उभे राहिले, पण नमस्कार केला नाही. सासूबाईंनी हटकलं तेव्हा म्हणाले, आय, जो बघत नाही त्याला नमस्कार केला काय आणि न केला काय.

पाऊस उघडल्यावर ते झाडगावला गेले आणि काम सोडतो म्हणून सांगून आले. मास्तर स्वतः आमच्या घरी आले. चहासुद्धा घेतला, आमच्या कपातून. पुस्तक संपत आलं होतं, शेवटची काही चित्रं राहिली होती. असा हात मला पुन्हा मिळायचा नाही, असं म्हणाले. भाऊजींनी उरलेली चित्रं काढून द्यायचं कबूल केलं, आणि मग जे बोलले ते मास्तरांना कळलं की नाही कोण जाणे.

"मास्तर, तुमचा काम खोटा नाय. पण मी मनातली तोंडां पुसायला शिकलो, ती आता माज्यानं परत येत नायत."

पुस्तक छापून आलं तेव्हा मास्तरांनी एक प्रत पाठवली. चित्रांखाली बारीक अक्षरात इंग्रजीत भाऊजींचं नाव. मुंबईहून माझ्या मालकांनी सांगून पाठवलं, की तिथं मोठमोठी माणसं वाहवा करतात. भाऊजींनी सगळी पानं उलटली, बांगड्याच्या पाठीवरून बोट फिरवलं, चांगलं झालं म्हणाले. झालंच होतं चांगलं. माझा तर सरंग्यावरून हात निघेना. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकही मासा कुणाकडं बघत नव्हता. मग त्यांनी पुस्तक फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवून दिलं.

मला वाटलं होतं, मासे सुटले की डोळे परत येतील. माणूस गाव सोडून जातो, परत आला की बोली परत येते, तसं काहीतरी. आलं नाही. एका वर्षी त्यांनी देवाच्या पापण्या खाली ओढल्या, बाहुली काढायलाच नको म्हणून. लोक म्हणाले, झोपलेला गणपती घेऊन काय करायचंय, नवस कुणाला सांगायचा? त्याच्या पुढच्या वर्षी ते हरतालिकेच्या आदल्या दिवसापासून, तोंडं परत मनात यावीत म्हणून, माणसं बघत मांडवीच्या बंदरावर बसून राहिले, पावसात, छत्री न घेता. ताप घेऊन आले. पाट कमी होत गेले. कुणी तोंडावर काही बोललं नाही, फक्त सुपारी घेऊन दुसऱ्याच्या दारात गेले. माती मळायची कमी झाली म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. तेव्हाच माझे हात जास्त दुखायला लागले.

सासूबाई गेल्या. जायच्या आधी त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं दागिन्यांचं काही सांगतात. तर म्हणाल्या, त्याला डोळ्यांपाशी एकटा सोडू नको. एवढंच.

त्यांचं वर्षश्राद्ध झालं आणि पाठोपाठ गणपती आले. त्या वर्षी आमच्या पडवीतल्या गणपतीच्या शाळेत पाट एकच होता, आमच्या घरचा. शाळा म्हणायची सवय, म्हणून म्हणते, नाहीतर पडवीत एक देव आणि दोन म्हातारी होत चाललेली माणसं. रंग झाला. हरतालिकेला दुपारी भाऊजी म्हणाले, वैनी, आय नाही, तू बस. मी हात धुऊन पाटासमोर बसले. ते बघायला लागले. बघता बघता त्यांच्या गळणाऱ्या डोळ्यांतून इतकं पाणी आलं, की ते औषधाचं की दुसरं कसलं, मला सांगता येणार नाही. कुंचला वर जायचा आणि खाली यायचा. रंग वाळला, परत कालवला, परत वाळला. शेवटी त्यांनी कुंचला वाटीवर आडवा ठेवला.

"वैनी, मना माती दिसते. तुज्याकडं बघतो तर तू पण मातीच दिसतेस."

आता मला राग आला. एवढ्या वर्षांचा साठलेला राग, मास्तरांवरचा, पाटवाल्यांवरचा, गिरगावात बसलेल्या नवऱ्यावरचा, सगळा या एका बोलण्यावर उतरला. म्हटलं, मातीच आहे मी, जन्मभर मळली आहे, दिसणार नाही तर काय होईल? उठा तिथून. इकडं येऊन बसा. ते काय म्हणून विचारायच्या आत मी त्यांच्या जागेवर जाऊन बसले होते आणि कुंचला माझ्या हातात होता.

आमच्या घरात बाईनं कधी डोळे काढले नव्हते. मला तर कुंचला धरायचा कसा ते धड माहीत नव्हतं, मी लाटण्यासारखा धरला. भाऊजी पाटासमोर बसले, सासूबाईंच्या जागी, गुडघे जवळ घेऊन. मी त्यांच्याकडं बघितलं. एका घरात राहून आपण माणसाकडं बघत नाही, हे तेव्हा कळलं. केस पांढरे झाले होते. पापण्या सुजलेल्या. एक डोळा दुसऱ्यापेक्षा बारीक झाला होता, माशांकडं मिटून मिटून बघितल्यामुळं असेल. मी विचारलं, भाऊजी, दमलात का हो? इतक्या वर्षांत मी हे पहिल्यांदा विचारलं. ते म्हणाले, दमलो गो. आणि मी मान वळवून बाहुली टेकवली. मग दुसरी. दुसरी जरा खाली गेली. कडेला रंग ओघळला, तो पदरानं टिपला, तर पापणी सुजल्यासारखी झाली.

काढून झाल्यावर मी कुंचला वाटीवर ठेवला. मी काय करून ठेवलं हे बघायचा धीर होईना. भाऊजी उठून मागच्या दारी गेले. दुसऱ्या दिवशी पूजा झाली तेव्हाही बाहेरच, पडवीत खांबाला टेकून.

दुपारी हौसा आली. पाट दुसरीकडं नेला तरी दर्शनाला यायची, नारळ ठेवायची आणि देवाकडं न बघता बाहेर पडायची. त्या दिवशीही नारळ ठेवला, वाकली, आणि उठताना तिची नजर वर गेली. तिथंच थांबली. मी पदराचं टोक चावत उभी. म्हटलं, आता बोलणार, आता अब्रू जाणार.

हौसानं वळून बाहेर भाऊजींकडं बघितलं, परत देवाकडं.

"दमलेला हाय," ती म्हणाली. "पण बघतोय गो."

भाऊजींनी ते खांबापाशी ऐकलं. आत आले, डोळे पुसत, भिंतीला धरून धरून, आणि देवासमोर आडवे पडले. बराच वेळ उठले नाहीत. मी आणि हौसा दोघी तशाच उभ्या होतो, आणि कुणी त्यांना उठवायला गेलं नाही.